रॉक गार्डन, चंडीगढ

टाकाऊ वस्तू व नैसर्गिक दगडगोट्यांतून, जागेचे चढउतार धरून घडवलेले शिल्पोद्यान. निर्माते नेकचंद सैनी (१९२४–२०१५) हे बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक होते. वास्तुकार ल कॉर्ब्यूझिए यांनी आखलेल्या चंडीगढ शहरासाठी खेडी पाडली गेली. तिथला राडारोडा नेकचंद सायकलवरून सुखना तलावाजवळच्या राखीव वनात नेत. भंगार लोखंडाच्या सांगाड्यावर सिमेंट लिंपायचे आणि ते ओले असतानाच त्यात फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे बसवायचे, ही त्यांची रीत. बांगड्यांनी मढलेल्या बायकांच्या पुतळ्यांच्या रांगा या शिल्पांत सर्वांत देखण्या. वर्षानुवर्षे हे काम चोरून चालले होते. उघडकीस आल्यावर, बेकायदा असूनही, प्रशासनाने ते पाडले नाही. १९७६ मध्ये लोकांसाठी खुले केले आणि नेकचंदांना पगार व मजूर दिले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.