लांकडांतील गुराखी



आज मी आपणांस एका लहानशा खोलींत घेऊन जाणार आहें. खोली लांकडाची, आणि खोलींतलीं माणसेंहि लांकडाचींच. मध्यें एक वाटोळें टेबल आणि त्याभोंवतीं पत्ते खेळणारे चौघे जण. माणसांची उंची सहा इंचांच्या आंतबाहेर. एकाची टोपी भुंवयांपर्यंत ओढलेली; दुसऱ्यानें पत्ते छातीशीं घट्ट धरलेले; तिसऱ्याची नजर पैशांच्या ढिगावर; चौथ्याची पाठ दाराकडे, आणि त्या दारांतून आंत आलेला पांचवा इसम त्याच्या मागें उभा. अमेरिकेच्या पश्चिम मुलुखाचे असे देखावे लांकडांत कोरण्याची कला त्या देशांत चांगलीच रुजली आहे. ह्या कलेचा इतिहास आणि त्या इतिहासांत दडलेला खऱ्याखोट्याचा तंटा हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ह्या खोलीचीच हकीकत सांगतों. दिवस २ ऑगस्ट १८७६ चा. गांव डाकोटा प्रांतांतील डेडवूड. जवळच्या डोंगरांत सोनें सांपडल्यामुळें तें गांव नुकतेंच वसलेलें होतें. ती जमीन अमेरिकन सरकारनें १८६८ च्या तहानें लाकोटा लोकांस राखून दिली होती; म्हणजे गांवाचा पायाच मुळीं वचनभंगावर घातलेला होता. तेथील एका दारूच्या गुत्त्यांत वाइल्ड बिल हिकॉक नांवाचा प्रसिद्ध नेमबाज पत्ते खेळण्यास आला. भिंतीला पाठ लावून बसण्याची त्याची नेहमींची रीत. त्या दिवशीं ती जागा रिकामी नव्हती. त्यानें जागा बदलून मागितली, ती मिळाली नाहीं, आणि तो दाराकडे पाठ करून बसला. जॅक मॅकॉल नांवाच्या इसमानें मागून येऊन त्याच्या डोक्यांत गोळी घातली. खाणकामगारांच्या पंचायतीनें मॅकॉलला प्रथम सोडून दिलें. पुढें यँक्टन येथें दुसऱ्यांदा खटला होऊन १ मार्च १८७७ रोजीं तो फांशीं गेला.

आतां समजा, एखाद्या कारागिराला हा प्रसंग लांकडांत उतरवावयाचा आहे. त्याच्यापुढें पहिला प्रश्न हत्याराचा नसून क्षणाचा असतो. गोळीचा आवाज लांकडांत येत नाहीं, आणि धूर कोरला तर तो कापसासारखा दिसतो. परंतु खांद्याचा कल, मानेचा वांक, खुर्चीवर टाकलेला देहाचा भार, ह्या गोष्टी लांकूड फार चांगल्या रीतीनें सांगतें. म्हणून जाणता कारागीर गोळी सुटण्याच्या आधींचा क्षण निवडील. टेबलावरच्या चौघांना जें ठाऊक नाहीं तें पाहणाऱ्याला ठाऊक असतें, आणि देखाव्याचा सारा जीव त्या अंतरांत असतो.

दुसरा प्रश्न जागांचा. दार मागच्या भिंतींत घेतलें कीं हिकॉकचें तोंड आपणांकडे येतें आणि मारेकरी त्याच्या पाठीशीं राहतो. पाहणाऱ्याची बाजू मोकळी ठेवून बाकीच्या तिघांना दोन्ही अंगांस बसवावें लागतें; ते प्रत्यक्षांत नेमके तसेच बसले होते असें नव्हे. ही मोकळीक क्षम्य आहे. परंतु दिसावयास बरें म्हणून हिकॉकची खुर्ची भिंतीला लावली, तर ती क्षम्य नाहीं. कारण मग तो मेलाच नसता! देखाव्यांत कोणती गोष्ट हलवितां येते आणि कोणती येत नाहीं हें ठरविण्यासाठीं कारागिराला इतिहास ठाऊक असावा लागतो.

परंतु पश्चिम मुलूख म्हणजे केवळ पिस्तुलें नव्हेत. ज्याला काउबॉय म्हणतात तो मूळचा गुराखी. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें तेव्हां टेक्ससमध्यें लांब शिंगांचीं गुरें अमाप झालीं होतीं. तेथें चार डॉलरला मिळणाऱ्या जनावराला उत्तरेकडील शहरांत चाळीस डॉलरपर्यंत किंमत येई. जोसेफ मकॉय नांवाच्या व्यापाऱ्यानें १८६७ सालीं कॅन्ससमधील ॲबिलीन येथें आगगाडीजवळ गुरांचे कोंडवाडे बांधले, आणि दोन-तीन हजार गुरांचे कळप शेंकडों मैल हांकीत तेथें नेण्याचा धंदा सुरू झाला. एका कळपामागें दहा-बारा माणसें. रोजची मजल दहा ते पंधरा मैलांची. पगार महिना तीस-चाळीस डॉलर. दिवसा धूळ आणि रात्रीं पहारा. विजेच्या कडकडाटानें कळप उधळला, कीं अंधारांत घोडा फेंकावा लागे. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणें ह्या गुराख्यांत चारांत एक तरी काळ्या वर्णाचा होता. त्यांतले कित्येक नुकतेच गुलामगिरींतून सुटलेले. मेक्सिकन गुराखीहि पुष्कळ होते. किंबहुना फांसाची दोरी, मांडीवरचें चामड्याचें आवरण, उंच मुठीचें खोगीर हें सारें काउबॉयनें त्यांच्याचपासून घेतलें.

हा काळ उणापुरा वीस वर्षांचा. जोसेफ ग्लिडन ह्यानें १८७४ सालीं कांटेरी तारेचें पेटंट घेतलें आणि मोकळ्या रानाला कुंपणें पडूं लागलीं. १८८६-८७ च्या भयंकर हिंवाळ्यांत उत्तरेकडील गुरें लाखोंनीं मेलीं आणि मोकळ्या चराईचा धंदा मोडला. धंदा मोडला, पण दंतकथा वाढली. बफेलो बिलनें १८८३ सालीं ‘वाइल्ड वेस्ट’चा खेळ काढला व १८८७ सालीं तो लंडनलाहि नेला. पुढें चित्रपट आले. डॉज सिटीसारख्या गांवांत रस्त्यानें पिस्तूल बाळगण्यास खुद्द गांवच्याच कायद्यानें मनाई होती. चित्रपटांत मात्र प्रत्येक कमरेला दोन पिस्तुलें लटकूं लागलीं.

लांकूडहि ह्या दंतकथेंत ओढलें गेलें. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील तंबाखूच्या दुकानांपुढें लांकडी इंडियन उभा करण्याची चाल होती. ज्याला पाटी वाचतां येत नाहीं त्यालाहि दुकान ओळखतां यावें हा तिचा उद्देश. हे पुतळे घडविणारे बहुतेक कारागीर मूळचे गलबतांच्या नाळेवरील मूर्ति कोरणारे. शिडाचीं जहाजें मागें पडून लोखंडी आगबोटी आल्या, तेव्हां त्यांचा धंदा बसला आणि ते दुकानांच्या पुतळ्यांकडे वळले. न्यूयॉर्कचा सॅम्युएल रॉब हा त्यांतला नांवाजलेला कारागीर. त्यांचें हातकसब वादातीत होतें. परंतु आपण कोरतों तो माणूस कोणत्या जमातीचा, त्याचा पोशाख कसा, त्याच्या मस्तकावरील पिसांचा अर्थ काय, हें विचारण्याचें कारण त्यांना सहसा पडलें नाहीं. पिसें, घोंगडी आणि हातांत तंबाखूच्या पानांची जुडी, एवढ्यावर काम भागे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून हे पुतळे असे हात पुढें करून उभे होते, त्याच काळीं पश्चिमेस खऱ्या माणसांच्या जमिनी जात होत्या. २९ डिसेंबर १८९० रोजीं वूंडेड नी येथें सैनिकांनीं दीडशेंहून अधिक लाकोटा लोकांस ठार केलें. त्यांत बायका होत्या, मुलेंहि होतीं. केवळ हातकसब कारागिराला असत्यापासून वांचवीत नाहीं, याचें याहून कडू उदाहरण मला ठाऊक नाहीं.

ह्याच्या उलट बाजूचें उदाहरण स्वीडनमधील आहे. ओस्कर्सहाम्न गांवाजवळील दोदरहुल्त परगण्यांत १८६८ सालीं ॲक्सेल पेटरसन हा जन्मला. गांवाच्या नांवावरून लोक त्याला ‘दोदरहुल्तार्न’ म्हणूं लागले. आपल्याच मुलुखांतील शेतकरी, म्हाताऱ्या, थकलेलीं घोडीं, सैन्यभरतीसाठीं उघडे उभे केलेले संकोचलेले तरुण, लग्नाची मंडळी, प्रेतयात्रा हे त्याचे विषय. चाकूचे सपाट छेद त्यानें तसेच ठेविले. घासून गुळगुळीत केले नाहींत. १९०९ सालीं स्टॉकहोमच्या एका व्यंगचित्र-प्रदर्शनांत त्याचीं कामें झळकलीं आणि पुढें त्यांची कीर्ति परदेशींहि पोहोंचली. १९२५ सालीं तो वारला. त्याच्या मूर्तींचें संग्रहालय ओस्कर्सहाम्न येथें आहे. तीं माणसें पाहून हंसूं येतें, पण तें हंसूं घरच्या माणसाविषयींचें असतें. ज्यांची पाठ वांकलेली त्यानें कोरली, त्यांच्याच शेजारीं तो वाढला होता.

अमेरिकेंत असा घरचा साक्षीदार चार्ल्स रसेल हा होता. १८६४ सालीं मिसूरींत सुखवस्तु कुटुंबांत जन्मलेला हा मुलगा वयाच्या सोळाव्या वर्षीं माँटानांत गेला आणि कित्येक वर्षें गुरांचा रात्रपहारेकरी म्हणून राबला. १८८६-८७ च्या हिंवाळ्यांत मालकानें गुरांची खबर विचारली असतां एक हाडांचा सांपळा झालेला बैल व भोंवतीं टपलेले लांडगे असें लहानसें चित्र त्यानें काढून दिलें. त्या चित्रानें त्याचें नांव झालें. रसेल हा मुख्यतः चित्रकार, पण खिशांत मेणाचा गोळा बाळगून बोलतां बोलतां घोडा किंवा अस्वल घडविण्याची त्याला संवय होती. त्याच्या घोड्यांचे पाय कसे पडतात हें पहावें; घोड्यावर रात्री काढलेल्याचा हात तेथें ओळखूं येतो.

ह्या साऱ्या प्रवाहांचा संगम पुढें लांकडांत झाला. ॲंडी अँडरसन ह्या कारागिरानें काउबॉय, जुगारी, गुत्तेवाला अशीं विनोदी पात्रें कोरलीं व १९५३ सालीं त्या कामाची रीत सांगणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यावरून अनेक हौशी माणसें शिकलीं. १९९० सालीं अशा व्यंगमूर्तिकारांनीं अमेरिकेंत आपलें एक मंडळ स्थापिलें. त्यांच्या पहिल्या सामुदायिक कामाचें नांव ‘फुल मून सलून’. निरनिराळ्या गांवीं राहणाऱ्या सभासदांनीं आपापलीं पात्रें कोरावयाचीं आणि मग तीं एकाच दारूगृहांत नांदवावयाचीं, अशी ती योजना. १९९५ सालीं तिच्यावर पुस्तकहि निघालें.

अशा कामाला आधीं प्रमाण ठरवावें लागतें. एका फुटाला एक इंच असें माप धरलें तर सहा फुटी माणूस सहा इंचांचा होतो. मग टेबल, बाटली, पत्ता, दार ह्या सर्वांनीं तेंच माप पाळलें पाहिजे. एक प्याला मोठा झाला, तरी सारी खोली बाहुल्यांची होते. नंतर प्रत्येक पात्राचें समोरून व बाजूनें असें दुहेरी रेखाटन करावयाचें आणि मातीचा अगर मेणाचा कच्चा नमुना घडवावयाचा. माती चुकली तर पुन्हां लावतां येते, लांकूड लावतां येत नाहीं. लांकूड बहुधा बासवूडचें, म्हणजे अमेरिकन लिंडन वृक्षाचें. तें मऊ, फिकट व बारीक तंतूंचें असतें. तंतू पायांच्या उंचीच्या दिशेनें उभे ठेवावयाचे. घोड्याचे बारीक पाय आडव्या तंतूंत कोरले, तर ते पहिल्याच दाबाला मोडतात. तंतू उभे धरून आडवा पसरलेला हात त्याच ठोकळ्यांत घेतला, तर तोहि मोडतो. म्हणून तो निराळा कोरून जोडतात. करवतीनें आकार काढून आधीं मोठे उतार, मग कोपर-गुडघे, आणि शेवटीं डोळे-बोटें असा क्रम असतो. नवशिका नेमका उलटा जातो; तो आधीं मिशा कोरतो, आणि मग चेहरा बसविण्यास जागाच उरत नाहीं! रंग पातळ करून देतात, म्हणजे चाकूचे छेद खालून दिसत राहतात.

हें सर्व साधलें, तरी एक प्रश्न उरतोच: त्या गुत्त्यांत कोणाला बसवावयाचें? तेथें काळा गुराखी आहे काय? मेक्सिकन आहे काय? कीं सारे गोरे, सारे उंच, सारे पिस्तूलधारी? विनोदाला कोणाची हरकत नाहीं. पण विनोद माणूस पाहून होतो, ठसा पाहून होत नाहीं. तंबाखूच्या दुकानापुढील इंडियन हा ठसा होता. दोदरहुल्तचा म्हातारा हा माणूस आहे.

दिवाळींत किल्ला करितांना आपलीं मुलें दारापाशीं मातीचा मावळा उभा करतात. त्या मावळ्यानें काय खाल्लें असेल, त्याच्या पायांत काय असेल, रात्रीं पहाऱ्यावर त्याला थंडी वाजली असेल काय, असें एखाद्या मुलानें विचारलें तर त्याला गप्प करूं नये. कारागिराची खरी तयारी त्या प्रश्नापासून सुरू होते. त्या लांकडी खोलींतला हिकॉक अजून पत्ते हातांत धरून बसला आहे, आणि दाराकडे त्याची पाठ आहे. ती खुर्ची कोणी हलवूं नये, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.