उन्हात वाचता येणारे यंत्र

छापील पुस्तकाच्या अंगी काही गुण असे असतात की, त्यांचा वाचकाला सहसा विचारही करावा लागत नाही. ते उन्हात वाचता येते, हा त्यांपैकीच एक. देवळाच्या सभामंडपात, घराच्या ओट्यावर, वडाच्या पारावर किंवा शेताच्या बांधावर पोथी उघडून बसणाऱ्याला दिवसा दिव्याची गरज कधी भासली नाही. कागद स्वतः प्रकाशत नाही. त्याच्यावर पडलेला प्रकाश तो परत पाठवितो. म्हणूनच उजेड जितका अधिक, तितके अक्षर अधिक स्पष्ट दिसते. वाचनाची यंत्रे निघाली तेव्हा नेमका हाच गुण त्यांना साधला नव्हता, आणि तो साधण्यासाठी तीसएक वर्षे खर्ची पडली. थोडक्या पैशांत असे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाला दुकानातील जाहिरातपत्रकापेक्षा ह्या तीस वर्षांचा इतिहास अधिक उपयोगी पडण्याजोगा आहे.

अडचण मुळात कशी होती, हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणकाचा, दूरचित्रवाणीचा किंवा भ्रमणध्वनीचा पडदा स्वतः प्रकाश टाकतो. दिवा लावलेल्या खोलीतील उजेड साधारणपणे काहीशे लक्स एवढाच असतो, आणि तेवढ्यात ह्या पडद्याचे तेज डोळ्यांना पुरेसे वाटते. परंतु भर दुपारच्या उन्हाची तीव्रता एक लाख लक्सच्या घरात जाते. त्या उन्हापुढे पडद्याचा प्रकाश म्हणजे दिवसा लावलेली समई होय. त्यातून वरची काच गुळगुळीत असल्यामुळे आकाश, झाडे आणि वाचकाचा स्वतःचा चेहरा तीत उमटतो तो वेगळाच. पडद्याचे तेज वाढवावे, तर विजेचा साठा लवकर सरतो आणि यंत्र तापते. सूर्याशी स्पर्धा करून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. सूर्यालाच कामाला लावणे, एवढा एकच मार्ग उरत होता.

ह्या मार्गावरचे पहिले पाऊल अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात पडले. तेथे १९७३ साली तयार झालेल्या ‘आल्टो’ ह्या संगणकाचा पडदा इतका मंद होता की, तो नीट दिसावा म्हणून खोलीत अंधार करावा लागे. निकोलस शेरिडन ह्या शास्त्रज्ञाने त्यावर वेगळाच उपाय योजिला. अर्धे काळे व अर्धे पांढरे असे अतिसूक्ष्म मणी त्याने तेलाने भरलेल्या पोकळ्यांत ठेविले आणि विजेच्या प्रभावाने ते हवे तसे फिरविले. मण्याची पांढरी बाजू वर आली की पडद्यावर पांढरा ठिपका दिसे, काळी आली की काळा. परंतु झेरॉक्सचा मुख्य व्यवसाय छपाईचा होता. शेरिडनला त्या कामाकडे वळविण्यात आले आणि हे संशोधन सुमारे पंधरा वर्षे पडून राहिले. साधारण त्याच सुमारास जपानमध्ये मात्सुशिता कंपनीतील इसाओ ओटा ह्याने रंगीत द्रवात तरंगणारे विद्युत्भारित कण दोन पट्ट्यांमध्ये वरखाली नेण्याची युक्ती शोधून काढिली होती. तथापि हे कण काही काळाने गोळा होत वा तळाशी बसत, त्यामुळे तो पडदा टिकाऊ ठरला नाही.

ह्या दोन्ही प्रयत्नांना पुढे नेणारी कल्पना १९९५ साली सुचली, आणि ती प्रयोगशाळेत सुचली नाही. जोसेफ जेकबसन हा तरुण पदार्थविज्ञानी समुद्रकिनारी वाचीत बसला असता हातातले पुस्तक संपले आणि जवळ दुसरे नव्हते. तेव्हा ज्याची पाने पुन्हापुन्हा नव्याने छापली जातील असे एकच पुस्तक का असू नये, असे त्याच्या मनात आले, अशी हकीकत सांगितली जाते. एमआयटी ह्या विद्यापीठात आल्यावर त्याने बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट ह्या दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरिले. कण द्रवात मोकळे न सोडता, केसाच्या जाडीइतक्या सूक्ष्म कुप्यांत ते बंद करावयाचे, ही त्यांची मुख्य युक्ती होती. प्रत्येक कुपी स्वतंत्र असल्यामुळे कण एका जागी गोळा होण्याचा प्रश्न मिटला. १९९७ साली ‘ई इंक’ ही कंपनी स्थापन झाली, आणि १९९८ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. ह्या पडद्यावर एकदा उमटलेले पान कायम ठेवावयास वीज लागत नाही. ती लागते पान उलटतानाच. एकदा भारित केलेले यंत्र अनेक दिवस चालते, ते ह्यामुळेच.

मात्र शोध लागणे आणि वस्तू सामान्य माणसाच्या हाती येणे, ह्यांत अंतर असते. ह्याच पडद्याचा ‘लिब्रिए’ हा ई-रीडर सोनी कंपनीने २००४ साली जपानात आणिला. त्याची अक्षरे उत्तम होती; पण किंमत चाळीस हजार येनांच्या आसपास होती, आणि त्यावर घेतलेले पुस्तक साठ दिवसांनंतर उघडेनासे होई. वाचकांनी त्याकडे पाठ फिरविली. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनचे ‘किंडल’ निघाले, ते ३९९ डॉलरांना. पहिला साठा काही तासांतच संपला. तथापि एवढ्या पैशांत कागदी पुस्तकांचे एक कपाट भरले असते. खरी क्रांती किमतीने केली. २०१० साली त्याच यंत्राची सुधारलेली आवृत्ती १३९ डॉलरांना आणि २०११ साली जाहिराती दाखविणारी साधी आवृत्ती ७९ डॉलरांना मिळू लागली. त्याच २०१० साली ॲपलचा ‘आयपॅड’ बाजारात आला होता. त्याला उत्तर म्हणून केलेल्या किंडलच्या एका जाहिरातीत भर उन्हात, पोहण्याच्या तलावाकाठी दोन व्यक्ती वाचीत बसलेल्या दाखविल्या होत्या. चकाकत्या पडद्यापुढे पुरुष हतबल झाला आहे, आणि शेजारची स्त्री मात्र काळा चष्मा लावून निवांत वाचीत आहे. उन्हात वाचता येणे व स्वस्त असणे, हेच दोन गुण विक्रेत्याने पुढे केले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ह्याच काळात दुसऱ्या एका वाटेनेही हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न झाला, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरांचा संगणक तयार करण्याच्या योजनेत मेरी लू जेप्सन ह्या विदुषीने असा पडदा सिद्ध केला की, मागचा दिवा मालविताच तो उन्हात काळ्या-पांढऱ्या अक्षरांत स्वच्छ वाचता यावा. झाडाखाली भरणाऱ्या शाळेचा विचार त्यामागे होता. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात ह्या लहानशा गावच्या प्राथमिक शाळेत हे संगणक मुलांच्या हाती देण्यात आले. किंमत मात्र शंभर डॉलरांवर राहिली नाही. ती जवळजवळ दुप्पट झाली, आणि योजना अपेक्षेप्रमाणे पसरली नाही. अनेक कामे करणारे यंत्र स्वस्त करणे कठीण, आणि एकच काम करणारे यंत्र स्वस्त करणे सोपे, हा धडा त्यातून मिळतो.

आता निवडीकडे वळावे. बाहेर बसून वाचावयाचे असेल, तर पडदा परावर्तित प्रकाशाचा, म्हणजे ई-इंकचा असला पाहिजे. रंगीत चित्रपट दाखविणारे टॅब्लेट स्वस्त मिळाले तरी ते उन्हात निरुपयोगी ठरते. पडद्याचा पृष्ठभाग खरखरीत, चमक नसलेला आहे ना, हे दुकानाच्या दिव्याखाली न पाहता दाराबाहेर उजेडात नेऊन पाहावे. कडेने प्रकाश टाकणारे दिवे २०१२ पासून ई-रीडरांत रूढ झाले. त्यांचा उपयोग संध्याकाळी व रात्री होतो. उन्हात त्यांचे काहीच काम नसते. ज्याला फक्त दिवसा वाचावयाचे आहे, त्याने केवळ दिव्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. रंगीत ई-इंकचे पडदे पुढे निघाले खरे. परंतु रंगाची गाळणी अक्षरांवर बसविल्याने पान काळपट होते आणि किंमतही चढते. कथा-कादंबरी वाचणाऱ्याला त्याची गरज नाही.

मराठी वाचकाने मात्र एका बाबतीत काटकसर करू नये, ती म्हणजे ठिपक्यांची दाटी. प्रारंभीच्या सहा इंची यंत्रांत दर इंचाला १६७ ठिपके असत. रोमन लिपीला तेवढे पुरत. परंतु देवनागरीतील जोडाक्षरे, रफार आणि मात्रेशेजारचा अनुस्वार त्यांत बारीक अक्षरांत एकमेकांत मिसळून जातात. दर इंचाला ३०० ठिपके असलेला पडदा ह्या लिपीला न्याय देतो. २०१४ साली ही दाटी किंडलच्या महागड्या यंत्रांतच होती. २०२२ साली ती त्याच्या सर्वांत स्वस्त यंत्रातही आली. ह्या व्यवसायात महागडा गुण काही वर्षांत स्वस्त यंत्रात उतरतो, म्हणून घाई न करणाऱ्या ग्राहकाचा फायदाच होतो. जुन्या मराठी ग्रंथांची पाने छायाचित्ररूपाने वाचावयाची असतील, तर मात्र सहा इंची पडदा अपुरा पडतो, हे आधीच जाणून असावे.

यंत्राची किंमत म्हणजे वाचनाचा संपूर्ण खर्च नव्हे, हेही विसरता येत नाही. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकांची अधिकृत विक्री डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. म्हणजे यंत्र भारतात आल्यावरही मराठी वाचकाला चार वर्षे वाट पाहावी लागली. विकत घेतलेले पुस्तकही सर्वस्वी आपले असतेच असे नाही. २००९ साली जॉर्ज ऑर्वेलच्या काही पुस्तकांच्या प्रती विक्रेत्याने ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या होत्या. प्रकाशकाला हक्क नव्हता हे कारण खरे असले, तरी वाचकांना त्याचा धक्का बसला. म्हणून ‘ईपब’सारख्या, कोणत्याही एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या स्वरूपातील पुस्तके ज्यावर सहज घालता येतात, ते यंत्र दोनशे रुपयांनी महाग पडले तरी पुढे स्वस्तच ठरते.

हा मुद्दा महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला विशेष जवळचा आहे. हैदराबाद, ग्वाल्हेर किंवा इंदूर येथील वाचकाला हवे ते मराठी पुस्तक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असे नाही. महाराज सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून ग्रंथालयांचे जे जाळे उभारिले, त्यात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविण्याची सोय होती. दूर राहणाऱ्याला केवळ अंतरामुळे वाचनाला मुकावे लागू नये, हे त्यामागचे धोरण होते. अशा कितीतरी पेट्यांचा ऐवज आज एका तळहातावर मावतो. तो उन्हात उघडता यावा, अक्षर स्वच्छ दिसावे, पुस्तक आपलेच राहावे आणि किंमत परवडावी, एवढ्या चार कसोट्या लावून यंत्र घेतले तर फसगत होण्याचे कारण राहत नाही. बाकीचे गुण असले तर बरे. नसले तर पारावर बसलेल्या वाचकाचे काही अडत नाही.