मागच्या गाडीतली माणसं

सायकलवरून लांबचा पल्ला मारणाऱ्याच्या मागून घरच्यांची गाडी येत असेल, तर तो पराक्रम थोडा खोटा, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण हा आक्षेप गृहीत धरतो की गाडी येण्यापूर्वी सायकलस्वार एकटा होता. अमेरिका खंड सायकलने ओलांडण्याचा इतिहास पाहिला, की हे टिकत नाही. थॉमस स्टीव्हन्स एप्रिल १८८४ मध्ये उंच चाकाची सायकल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि ऑगस्टमध्ये बोस्टनला पोचला. पश्चिमेकडे धड रस्ते नव्हते, तिथे त्याने रुळांच्या कडेने सायकल ढकलली आणि रेल्वे कामगारांच्या चाळींत रात्री काढल्या. मुंबईहून १९२३ मध्ये जगप्रवासाला निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये परतले. इतका काळ परमुलखात काढायचा, तर वाटेवरच्या माणसांनी दार उघडायला हवंच. मदत होतीच, पण ती रस्ताभर विखुरलेली असल्यामुळे हिशेबात आली नाही.

एकटेपणाचा आग्रह धरणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज. स्पर्धकाने परक्या हाताची मदत घ्यायची नाही, हा त्याचा नियम. १९१३ मध्ये तूरमालेच्या घाटात यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो पायी खालच्या गावातल्या लोहाराकडे गेला आणि चिमटा स्वतःच सांधला. पण भाता एका पोराने मारला, म्हणून त्याला दंड झाला. ही गोष्ट निष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. मला तिच्यात उलटंच दिसतं: भट्टी, कोळसा, लोखंड सगळं लोहाराचं चाललं, खटकला तो फक्त पोराचा हात. स्वावलंबनाची रेघ कुठे ओढायची, हे आयोजकाच्या मर्जीवर होतं.

१९८२ मध्ये जॉन मारिनो, लॉन हाल्डमन, मायकल शर्मर आणि जॉन हॉवर्ड सांता मोनिकाहून न्यूयॉर्ककडे सुटले, तेव्हा गाडी अपरिहार्य झाली होती. या शर्यतीत घड्याळ थांबत नाही. हाल्डमन दहा दिवसांच्या आत पोचला, आणि अशा वेगाने चालणाऱ्याला गावोगाव दार ठोठावता येत नाही. पुढे हीच शर्यत ‘रेस अक्रॉस अमेरिका’ झाली आणि रात्री मागची गाडी नियमानेच बंधनकारक ठरली: स्वार तिच्या दिव्यांच्या उजेडात चालतो, आणि मागून येणाऱ्या वाहनांपासून त्याची आडही तीच. १९८३ मध्ये शर्मरच्या मानेचे स्नायू असे थकले की डोकं वर धरता येईना. या विकाराला आज त्याचंच नाव आहे. अशा वेळी मानेला टेकू लावायचा, खायला घालायचं, रस्ता सांगायचा आणि झोपेतून उठवून पुन्हा खोगिरावर बसवायचं. आठ-दहा दिवस हे करणारी पगारी माणसं मिळवणं अवघडच, म्हणून बायको, भाऊ, मित्र गाडी चालवतात. हाल्डमन आणि सुझन नोतोरांजेलो हे नवरा-बायको दोघंही ही शर्यत जिंकलेले. पुढे त्यांनी मदतगाडीसह खंड ओलांडवणाऱ्या सहलींचाच व्यवसाय उभा केला.

गाडी परवडणाऱ्यांनाच हे जमतं, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि सायकलमागे पेट्रोल जाळण्यातली विसंगतीही नाकारता येत नाही. पण त्याने प्रवास महागडा ठरतो, लबाड नव्हे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ही शर्यत पूर्ण केली. त्या गटात एक जण सायकलवर असताना दुसऱ्याला गाडीत विश्रांती घेता येते. तिथे स्वार कोण आणि मदतनीस कोण, हे दर पाळीला बदलतं, आणि निकालात वेळ मात्र दोघांची मिळून एकच लागते.