सुरतेचा प्लेग आणि वैद्याचे अखंड अध्ययन

डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते व इतर आरोग्यसेवक यांनी आपले शिक्षण पदवीबरोबर संपले असे न मानता सेवाकाल संपेपर्यंत ते चालू ठेवावे, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. त्यासाठी नियम झाले आहेत, तासांची मोजदाद होते, प्रमाणपत्रे दिली जातात. परंतु हे तत्त्व केवळ व्यावसायिक शिस्तीचे आहे, की रुग्णाच्या जीवाशी आणि वैद्याच्या कर्तव्यनिष्ठेशी त्याचा निकट संबंध आहे, असा प्रश्न उपस्थित केला तर त्याचे उत्तर नियमांच्या पुस्तकापेक्षा इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते. प्रस्तुत लेखात आम्ही सुरत शहरातील १९९४ सालच्या प्लेगचा विचार या दृष्टीने करणार आहोत. अध्ययन थांबले म्हणजे ज्ञानाबरोबर धैर्यही खचते, हे त्या घटनेतून दिसून येते, असे आमचे मत आहे.

मुंबईचा पूर्वानुभव

भारतातील प्लेगचा अर्वाचीन इतिहास मुंबईपासून सुरू होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांना तपासताना डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा ताप गाठीच्या प्लेगचा होय, असे निदान केले. गोव्यात जन्मलेले व ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले हे ख्रिस्ती डॉक्टर पुढे मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्षही झाले. त्या काळी शहरातील बहुतेक वैद्यांनी प्लेगचा रोगी कधी पाहिलेला नव्हता. रोगाचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये शोधून काढला त्याला अवघी दोन वर्षे झाली होती. अशा स्थितीत अप्रिय निदान उघडपणे सांगणे हे विद्येचे तसेच धैर्याचेही काम होते.

पुढील काही वर्षांत वैद्यकाला पुष्कळ काही नव्याने शिकावे लागले. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, असे दाखविले. तोपर्यंत सरकारी यंत्रणा घरे धुण्यावर, सामान जाळण्यावर आणि माणसांना सक्तीने वेगळे काढण्यावर भर देत होती. तिच्या जाचातून पुण्यात उसळलेला क्षोभ वाचकांना ठाऊकच आहे. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

१८९६ नंतरच्या दोन-तीन दशकांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या पिढीच्या वैद्याला प्लेग ओळखता येणे म्हणजे रोजच्या व्यवसायाचा भाग होता. पुढे कीटकनाशके आली, स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन ही औषधे आली आणि रोग ओसरला.

विस्मरणाची अठ्ठावीस वर्षे

१९९४ पूर्वी मनुष्याला प्लेग झाल्याची शेवटची खात्रीलायक नोंद १९६६ साली आजच्या कर्नाटकात झाली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे देशात तशी नोंद नव्हती. ही गोष्ट निःसंशय आनंदाची होती. परंतु तिच्यातच एक धोका दडलेला होता. सुरतेचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६४ साली स्थापन झाले. म्हणजे त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या जवळजवळ सर्व पिढ्यांनी प्लेग पाठ्यपुस्तकात वाचला, खाटेवर पाहिला नाही. १९७० साली पदवी घेतलेला डॉक्टर १९९४ मध्ये अनुभवी व प्रतिष्ठित झालेला होता. तथापि या एका विषयात तो त्याच्या आजोबांच्या काळातील वैद्यापेक्षा अनभिज्ञ होता. रोगावर पाळत ठेवणारी शासकीय यंत्रणाही क्षीण झाली होती. जे दिसत नाही ते नाही, असे मानण्याची मनुष्याची सवय शास्त्रालाही चुकत नाही.

येथे एक शास्त्रीय तपशील ध्यानात घेणे आवश्यक आहे. गाठीचा प्लेग पिसवांच्या दंशाने होतो. फुप्फुसाचा प्लेग मात्र रोग्याच्या खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांनी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. तो काही दिवसांतच प्रकट होतो, आणि लक्षणे दिसल्यापासून सुमारे एका दिवसात योग्य औषध सुरू न झाल्यास बहुधा प्राण घेतो. आरंभी तो साध्या न्यूमोनियासारखाच भासतो. न्यूमोनियावर सर्रास दिले जाणारे पेनिसिलीन येथे उपयोगी पडत नाही. याच्या उलट योग्य औषध वेळेवर मिळाले तर रोगी वाचतो. मुखपट्टी बांधणारा आणि प्रतिबंधक औषध घेणारा शुश्रूषक पुष्कळ अंशी सुरक्षित राहतो. म्हणजे या रोगात जीवन आणि मरण यांमधील अंतर एका दिवसाचे असते, आणि ते ओलांडण्यास वैद्याचे ताजे ज्ञान लागते.

सप्टेंबर १९९४

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. लोकांनी सोडलेल्या घरांत साठलेल्या धान्यावर उंदीर माजले, असे त्याचे एक कारण पुढे मांडले गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच सुरतेत रोग प्रकट झाला. तापीला पूर आला होता, सखल वस्त्यांत पाणी व गाळ साचला होता, मेलेली जनावरे आणि कचरा रस्त्यांवर पडून होता.

सुरत हे त्या वेळी झपाट्याने वाढणारे शहर होते. हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने आणि यंत्रमाग यांच्या ओढीने सौराष्ट्र, ओरिसा, उत्तर प्रदेश आणि आपल्या खानदेशातून हजारो तरुण तेथे आले होते. एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्या या मजुरांच्या वस्त्यांतच रोगाचा जोर अधिक होता. २१ सप्टेंबर रोजी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे फुप्फुसाच्या प्लेगने एक रुग्ण दगावल्याची शंका कळविण्यात आली. त्याच दिवशी वेड रोड भागातील मृत्यूंची वार्ताही आली. रात्रीपर्यंत ती शहरभर झाली. औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लिन संपले. ज्यांना गरज नव्हती त्यांनी ते साठविले आणि गरज असलेल्यांना ते मिळेना. पुढील काही दिवसांत लक्षावधी लोकांनी शहर सोडले. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या आणि उधन्याहून नंदुरबारमार्गे भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या माणसांनी ओसंडून वाहू लागल्या. त्यांच्याबरोबर भीती खानदेशातील गावागावांत पोहोचली.

मृत्यूंचा आकडा मात्र त्या भीतीच्या मानाने अल्प होता. देशभरातील नोंदलेले मृत्यू साठाच्या आत राहिले आणि त्यांपैकी बहुतेक सुरतेतील होते. हा रोग प्लेगच होता काय, याविषयी तज्ज्ञांत बराच वाद झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो प्लेगच असल्याचा निष्कर्ष काढला, आणि पुढे जंतूंच्या जनुकीय तपासणीनेही त्याला पुष्टी मिळाली. निदानाची खात्री पटविण्यास इतका काळ लागावा, ही गोष्टच आमच्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे.

कोण गेले आणि कोण राहिले

सुरतेच्या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक भाग म्हणजे शहर सोडणाऱ्यांत डॉक्टरही होते. पुष्कळ खाजगी दवाखाने बंद झाले. रोग्यांना दारावरूनच परत जावे लागले. याविषयी त्या वेळी वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. परंतु केवळ निषेध करून थांबणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. त्याच शहरातील नव्या सिव्हिल हॉस्पिटलात निवासी डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार आपल्या जागी राहिले, मुखपट्ट्या बांधून आणि प्रतिबंधक औषध घेऊन रात्रंदिवस राबले. काही खाजगी डॉक्टरांनीही आपले दवाखाने उघडे ठेवले. जे गेले आणि जे राहिले ते बहुधा सारख्याच महाविद्यालयांतून शिकलेले होते. मग फरक कशाने पडला?

स्वभावाचा, नोकरीच्या बंधनाचा व नीतीचा भाग त्यात होताच. तथापि आणखी एक कारण आम्हांला महत्त्वाचे वाटते. इस्पितळातील तरुण डॉक्टर एकटा नव्हता. त्याच्याजवळ शिक्षक होते, सहकारी होते, विचारायला माणूस होते. रोग कसा पसरतो, कोणते औषध किती द्यावे, स्वतःचे रक्षण कसे करावे, हे त्याला त्या त्या दिवशी कळत होते. गल्लीतला खाजगी डॉक्टर मात्र पदवी घेतल्यापासून बहुधा एकटाच होता. नवे ज्ञान त्याच्यापर्यंत आले तर औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून येई. प्लेग हा शब्द कानी पडताच त्याच्या मनात १८९६ सालचा प्लेग उभा राहिला, औषधाने बरा होणारा १९९४ सालचा प्लेग नव्हे. ज्याला शत्रूचे स्वरूप ठाऊक नाही तो पळतो, यात नवल ते काय? त्याचे दायित्व यामुळे कमी होत नाही; परंतु त्या दायित्वाचा आरंभ सप्टेंबरमध्ये झाला नव्हता, आधीच्या वीस वर्षांत झाला होता, एवढे मात्र मान्य करावे लागते.

त्यानंतर

सुरतेने धडा घेतला. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. अधिकाऱ्यांनी वातानुकूलित खोल्या सोडून रोज वस्त्यांत फिरावे, असा दंडक त्यांनी घातला. कचरा नियमाने उचलला जाऊ लागला. रोगांच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. अस्वच्छतेसाठी कुप्रसिद्ध झालेले हे शहर दोन वर्षांच्या आत देशातील स्वच्छ शहरांत दुसरे गणले गेले. पुढे महापालिकेने स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालयही काढले.

वैद्यकाने धडा घेतला काय, याचे एक उत्तर २००२ साली मिळाले. त्या वर्षी फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशातील सिमला जिल्ह्यात हाटकोटी परिसरात फुप्फुसाच्या प्लेगचे १६ रुग्ण आढळले आणि त्यांपैकी ४ दगावले. परंतु निदान लवकर झाले, रुग्णांच्या सहवासातील लोकांना औषधे दिली गेली आणि रोग तेथेच थांबला. शहर ओस पडले नाही.

त्याच वर्षी भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या आचारसंहितेत दर पाच वर्षांत किमान ३० तास अखंड वैद्यकीय शिक्षण घेण्याचे कलम घातले. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीचे नूतनीकरण अशा शिक्षणाच्या गुणांशी जोडले आहे. ज्ञान किती वेगाने जुने होते याचा प्रत्यय कोविडच्या साथीत सर्वांनाच आला. प्रारंभी ज्या रक्तद्रवाच्या उपचारासाठी नातेवाईक वणवण फिरले, तो मे २०२१ मध्ये राष्ट्रीय उपचारसूचीतून काढून टाकण्यात आला.

तथापि नियम म्हणजे अध्ययन नव्हे. पुष्कळ ठिकाणी हे वर्ग औषध कंपन्यांच्या खर्चाने हॉटेलांत भरतात. स्वाक्षरी होते, भोजन होते, गुण मिळतात. ज्या रोगावर महाग औषध नाही त्याविषयी व्याख्यान ठेवण्यास पुरस्कर्ता मिळत नाही, आणि प्लेग हा तसाच रोग होता. शिवाय परिचारिका, औषधविक्रेता, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, सफाई कामगार यांच्या वाट्याला या शिक्षणातले फार थोडे येते. सुरतेत टेट्रासायक्लिन अंदाधुंद विकले गेले ते डॉक्टरांच्या नव्हे, दुकानदारांच्या हातून, हे विसरता कामा नये.

जामखेडचे उदाहरण

याहून वेगळी वाट आपल्याच महाराष्ट्रात, मामल्यापासून फार दूर नसलेल्या जामखेडला दिसते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचे कार्य सुरू केले. गावोगावच्या स्त्रियांना, ज्यांपैकी कित्येक निरक्षर व दलित समाजातील होत्या, त्यांनी आरोग्यसेविका केले. या स्त्रियांना एकदाच शिकवून पाठविले नाही. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, गावातील अडचणी सांगत, एकमेकींकडून व डॉक्टरांकडून शिकत आणि परत जात. परीक्षा नव्हती, गुण नव्हते. पुढच्या आठवड्यात शिकलेले वापरावे लागे, हीच परीक्षा होती. अखंड शिक्षणाचा गाभा आम्हांला येथे दिसतो. ते नियमित असते, सोबतीने होते आणि समोरच्या रोग्यापासून सुरू होते.

आपल्यापुरता विचार

हा विषय धर्मगुरू व धर्मशिक्षकांपुढे मांडण्याचे प्रयोजन दुहेरी आहे. आपल्या अनेक धर्मप्रांतांत दवाखाने व परिचारिका-विद्यालये चालतात. दूरच्या गावी एकटीच दवाखाना सांभाळणारी धर्मभगिनी सुरतेच्या गल्लीतील डॉक्टरइतकीच एकाकी असते. वर्षातून काही दिवस तिला कामातून मोकळीक देऊन इस्पितळात शिकण्यास पाठविणे हा खर्च नव्हे, तिच्या रोग्यांचा तो हक्क आहे. धर्मग्रामाचे सभागृह महिन्यातून एकदा परिसरातील डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्यांना अभ्यासासाठी उघडून देणे कोठेही शक्य आहे. साथीच्या वेळी लोक अफवेची शहानिशा करण्यास धर्मशिक्षकाकडेही येतात. तेव्हा काय सांगावे हे त्याने आधी शिकलेले असावे.

दुसरे प्रयोजन आपल्या स्वतःविषयी आहे. संत चार्ल्स बोरोमेओ यांनी आपल्या धर्मप्रांतात गुरुविद्यालये स्थापिली आणि धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी आयुष्यभर आग्रह धरला. १५७६ साली मिलानमध्ये प्लेग आला आणि सत्ताधारी शहर सोडून गेले, तेव्हा तेच बोरोमेओ तेथे राहिले. त्यांनी रोग्यांची सेवा संघटित केली आणि घरांत कोंडलेल्या लोकांना खिडकीतून उपासनेत भाग घेता यावा म्हणून चौकांत वेद्या उभारविल्या. अध्ययनाचा आग्रह आणि संकटात टिकून राहणे ही एकाच माणसात आढळावीत, हा आम्ही योगायोग समजत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाविषयीच्या १९६५ सालच्या आदेशात, हे प्रशिक्षण गुरुविद्यालय सोडल्यानंतरही चालू राहावे, असे सांगितले आहे. दीक्षेच्या वेळी वाचलेल्या पुस्तकांवर वीस-वीस वर्षे प्रवचने करणारा धर्मगुरू वैद्याला बोल लावण्यास कितपत अधिकारी आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.