कवायती रायफली, जपानी
कवायती रायफली, जपानी : दुसऱ्या महायुद्धापूर्वी व युद्धकाळात जपानमधील शाळा, महाविद्यालये व युवक प्रशिक्षण केंद्रे यांत सैनिकी कवायतीसाठी वापरलेल्या रायफली. युद्धानंतर, विशेषतः अमेरिकेत, त्यांचा संग्रह होऊ लागला. शस्त्र म्हणून त्यांना फारसे मोल नाही. परंतु जपानी शिक्षणाच्या सैनिकीकरणाचा तो वस्तुरूप पुरावा होय.

युद्धमंत्री उगाकी काझुशिगे याच्या योजनेनुसार १९२५ मध्ये भूसेनेच्या चार डिव्हिजन रद्द झाल्या. त्याच वर्षीच्या हुकुमान्वये सेवेतील लष्करी अधिकारी माध्यमिक व उच्च शिक्षणसंस्थांत कवायत शिकविण्यासाठी नेमण्यात आले. शाळा सोडलेल्या तरुणांसाठी १९२६ मध्ये युवक प्रशिक्षण केंद्रे निघाली. १९३५ मध्ये त्यांचे रूपांतर युवक शाळांत झाले आणि माध्यमिक शाळेत न जाणाऱ्या मुलांना १९३९ पासून या शाळा सक्तीच्या करण्यात आल्या.

कवायती रायफली मुख्यत्वे दोन प्रकारच्या होत्या. पहिल्या प्रकारात सेनेने निकालात काढलेल्या मुराता व आरिसाका रायफली मोडतात. दुसऱ्या प्रकारातील रायफली लहान खाजगी कारखान्यांत मुद्दाम तयार केल्या जात. बाह्यतः त्या १९०५ च्या ६·५ मिमी. आरिसाका रायफलीसारख्या दिसत. मात्र त्यांची नळी बहुधा आतून गुळगुळीत म्हणजे सर्पिल खाचांवाचून असे आणि बोल्ट सामावणारा भाग बिडाचा वा मऊ पोलादाचा असे. त्यांतून केवळ बिनगोळीची काडतुसे उडविणे अभिप्रेत होते. गोळीचे काडतूस उडविल्यास रायफल फुटून उडविणाऱ्यास गंभीर इजा होण्याचा धोका असतो. अमेरिकन सैनिकांनी स्मृतिचिन्हे म्हणून नेलेल्या रायफलींत अशा रायफलीही होत्या. जपानी रायफली कमकुवत असतात, हा समज काही अंशी त्यांच्यामुळेच पसरला. वास्तविक मूळ आरिसाका रायफलीची यंत्रणा अत्यंत मजबूत आहे.

कवायत आणि युद्ध यांतील अंतर २१ ऑक्टोबर १९४३ रोजी संपुष्टात आले. शिक्षणासाठी मिळणारी लष्करभरतीची सवलत बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत रद्द झाल्यानंतर त्या दिवशी टोकिओतील मेजी मंदिराच्या बाह्योद्यानातील क्रीडांगणावर हजारो विद्यार्थ्यांनी भर पावसात, खांद्यावर रायफली घेऊन निरोपाचे संचलन केले. शरणागतीनंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शाळांतील सैनिकी शिक्षण व कवायत बंद करविली.

संग्राहकाच्या दृष्टीने बोल्ट सामावणाऱ्या भागावरील खुणा महत्त्वाच्या ठरतात. सेनेच्या रायफलीवर सम्राटाची सोळा पाकळ्यांच्या शेवंतीची मुद्रा असे. शाळांकडे दिलेल्या जुन्या रायफलींवरील ही मुद्रा पुष्कळदा वर्तुळाकार ठसे मारून रद्द केलेली आढळते, तर शरणागतीच्या वेळी ती अनेक रायफलींवरून घासून काढण्यात आली. मुद्दाम बनविलेल्या कवायती रायफलींवर शेवंती सहसा नसते. तेथे कारखान्याचे वा शाळेचे चिन्ह असू शकते. अशी चिन्हे घासून वस्तू नवी करण्याच्या प्रयत्नात तिचा ऐतिहासिक पुरावाच नष्ट होतो. ती रायफल कोणत्या शाळेतील मुलांच्या हाती होती, हे सांगणारा दुसरा दुवा बहुधा उरलेला नसतो.