अर्धशिशी आणि ढळणारा तोल

अर्धशिशी म्हणजे डोक्याच्या एका बाजूचे दुखणे, अशी समजूत समाजात आणि वैद्यकातही दीर्घकाळ रुजलेली होती; तथापि या विकाराने ग्रासलेल्या अनेकांना भोवळ येते, पायांखालची जमीन हलल्याचा भास होतो, मान वळवताना किंवा गर्दीतून चालताना तोल सांभाळणे कठीण जाते, आणि त्या वेळी डोके दुखत असतेच असे नाही. या अवस्थेला आज ‘व्हेस्टिब्युलर मायग्रेन’ असे म्हणतात, म्हणजेच अंतर्कर्णापासून मेंदूपर्यंत पसरलेल्या, शरीराचा तोल राखणाऱ्या यंत्रणेला बाधणारी अर्धशिशी. तिला वैद्यकाची मान्यता मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले, आणि हा विलंब लक्षणे कोणाच्या नजरेस आली नाहीत म्हणून झालेला नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अर्धावभेदकाचे, म्हणजे अर्धे डोके व्यापणाऱ्या शिरोरोगाचे वर्णन करताना फुटल्यासारख्या आणि टोचल्यासारख्या वेदनांच्या जोडीने भ्रमाचा, म्हणजे गरगरण्याचाही निर्देश केलेला असून, हा विकार दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अकस्मात उद्भवतो असेही तेथे म्हटले आहे. कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अरेटियस याच्या ग्रंथातही जुनाट डोकेदुखी आणि भोवळ यांचा संबंध दाखविलेला आढळतो. रुग्णाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणाऱ्या या प्राचीन वैद्यांना डोके आणि तोल यांची फारकत करण्याचे कारणच नव्हते.

ती फारकत एकोणिसाव्या शतकात झाली, आणि ती एका मोठ्या शोधातून झाली. 1820 च्या दशकात फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पिएर फ्लूरेन्स याने कबुतरांच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्या, तेव्हा त्या पक्ष्यांची डोकी विशिष्ट दिशांना हेलकावू लागली आणि त्यांना सरळ उडता वा चालता येईना. तरीही माणसांची भोवळ मेंदूत रक्त साकळल्याने येते असेच बहुतेक डॉक्टर मानीत राहिले आणि आधीच दुर्बळ झालेल्या रुग्णांचे रक्त काढीत राहिले. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचा वैद्य प्रॉस्पेर मेनिएर याने 1861 मध्ये या समजुतीला आव्हान देऊन, बहिरेपणा आणि कानातील आवाज यांसह येणाऱ्या भोवळीचे मूळ अंतर्कर्णात असल्याचे प्रतिपादन केले. अशा रुग्णांत अर्धशिशीही आढळते, हे त्याच्या दृष्टीतून सुटले नव्हते. परंतु पुढील पिढ्यांनी त्याचा कान तेवढा घेतला आणि अर्धशिशी मागे ठेवली, ही या इतिहासातील सर्वांत खेदजनक गोष्ट होय.

एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टराने 1873 च्या आपल्या ग्रंथात अर्धशिशीला मज्जासंस्थेत उठणारे वादळ मानले आणि भोवळ हा त्याच वादळाचा एक आविष्कार ठरविला, तर 1917 मध्ये जर्मनीत फेलिक्स बोएनहाइम याने एकाच कुटुंबात आढळणाऱ्या अशा विकाराला तोलयंत्रणेची अर्धशिशी असे नावही दिले. पण तोवर कान एका तज्ज्ञाकडे आणि डोके दुसऱ्याकडे गेले होते. 1914 चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या रॉबर्ट बाराणी याच्या चाचणीत कानात थंड किंवा कोमट पाणी सोडून डोळ्यांच्या झटकेदार हालचाली पाहिल्या जात. अर्धशिशीच्या बऱ्याच रुग्णांत झटका ओसरल्यावर ही चाचणी निर्दोष येई, आणि मग कान ठीक आहे एवढे सांगून त्यांची बोळवण होई.

लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील संशोधक कायन आणि हूड यांनी 1984 मध्ये अर्धशिशीच्या 200 रुग्णांची ताणजन्य डोकेदुखीच्या रुग्णांशी तुलना केली, तेव्हा खरी भोवळ पहिल्या गटात सुमारे 27 टक्के आणि दुसऱ्यात सुमारे 8 टक्के लोकांना येत असल्याचे दिसले. त्यानंतर 1999 मध्ये म्युनिकच्या डीटरिश आणि ब्रांट यांनी अशा भोवळीच्या 90 रुग्णांचा अभ्यास मांडला, आणि 2012 मध्ये बाराणीच्याच नावाची सोसायटी व आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना यांनी मिळून निकष निश्चित केले: मध्यम किंवा तीव्र भोवळीचे किमान पाच झटके, प्रत्येकाचा कालावधी 5 मिनिटे ते 72 तास, अर्धशिशीचा पूर्वेतिहास, आणि निदान निम्म्या झटक्यांत अर्धशिशीची लक्षणे.

या निकषांनी असंख्य रुग्णांच्या तक्रारीला नाव मिळाले; मात्र दोन झटक्यांच्या मधल्या काळात जाणवणारा अस्थिरपणा एकटाच असेल तर तो त्यांत बसत नाही. तो मोजण्याची साधने जुनीच आहेत. पाय जुळवून आणि डोळे मिटून उभे करण्याची कसोटी बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बर्ग याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या विकारासाठी वर्णिली होती. शरीराचा झोक नोंदविणारे हलते फलाट, म्हणजे पोश्चरोग्राफीची यंत्रे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. डोळे, सांधे आणि अंतर्कर्ण या तिन्हींकडून येणाऱ्या संदेशांचा मेळ घालून मेंदू तोल राखतो. त्यांपैकी डोळे मिटले आणि पायांखालचा आधारही हलता केला, की भार अंतर्कर्णावर पडतो. अशा स्थितीत झटका नसतानाही या रुग्णांचे शरीर इतरांपेक्षा अधिक डोलते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. अशा अस्थिरपणासाठी आज दिल्या जाणाऱ्या तोलाच्या व्यायामांचा पाया टेरेन्स कॉथॉर्न आणि एफ. एस. कुक्सी यांनी 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये, डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर उपचार करताना घातला होता.