भरतपूरची पाखरे आणि दगडावरची नोंदवही

दिल्लीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला भरतपूर ठाऊक असते ते इतिहासाच्या पुस्तकामुळे. १७६१ साली पानिपतावरून माघारी येणाऱ्या थकल्याभागल्या मराठ्यांना सूरजमल जाटाने अन्नवस्त्र देऊन पुढे मार्गस्थ केले, आणि १८०५ साली त्याच भरतपूरच्या आश्रयाला गेलेल्या यशवंतराव होळकरांसाठी जाटांनी जनरल लेकचे चार हल्ले परतवले. हे ऋण मनात धरून आम्ही प्रथम भरतपूरला गेलो तो किल्ला पाहावयास. पाखरांची चौकशी आमच्या मनात नव्हती. स्टेशनावरच्या सायकलरिक्षावाल्याने मात्र आम्हांस, न विचारताच, 'घन्या'त नेले.

'घना' म्हणजे दाट झाडी. तिच्या मध्यभागी केवलादेव महादेवाचे देऊळ आहे, आणि त्यावरून राष्ट्रीय उद्यानाला नाव मिळाले. क्षेत्र अवघे २९ चौरस किलोमीटर. ही निसर्गाची निर्मिती आहे असे पाहणारास वाटते. पण वस्तुतः येथील पाणी माणसाने अडवलेले आहे. मूळचा खोलगट प्रदेश गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराने भरे. सूरजमलच्या काळी अजान बांध झाला, पाण्याला शिस्त लागली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्याचा कारभार पाहणारे मोरवीचे राजपुत्र हरभामजी यांनी पाट, बांध आणि दरवाजे घालून त्याचे बदकांच्या शिकारीचे रान केले. तळी बांधली ती मारण्यासाठी. जगणे हा त्याचा अनपेक्षित परिणाम.

देवळाजवळ त्या शिकारींची नोंद दगडात कोरून ठेवलेली आहे. आम्ही कारकून माणसे. नोंदवही दिसली की रकाने वाचल्यावाचून राहवत नाही. तारीख, प्रसंग, बंदुका, पडलेली पाखरे. १९०२ साली लॉर्ड कर्झनपासून आरंभ. मग व्हाइसरॉय, राजे, सेनापती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. बेरीज चोख आहे. पण कोणती पाखरे पडली, याचा रकानाच नाही. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, आणि ज्याला आपण कोणत्या कौतुकाने कोण जाणे 'वारकरी' म्हणतो तो काळा पाणपक्षी, सारे एकाच आकड्यात गेले.

आता आश्चर्याची गोष्ट ही, की इतक्या संहारानंतरही पाखरे येत राहिली. कारण पाणी होते. स्वातंत्र्यानंतर हे तळे कोरडे करून शेतीस द्यावे अशी मागणी झाली, तेव्हा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. सालिम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत रदबदली केली. १९५६ साली पक्षी अभयारण्य जाहीर झाले. तथापि महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत टिकला. ज्यांनी तळे राखले त्यांच्याच बंदुका त्यावर रोखलेल्या होत्या, हा विरोधाभास आम्हांस फारसा खटकत नाही. हितसंबंधानेही कधी कधी भले होते.

आम्हांस खटकते ते पुढचे. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याबरोबर गुरे चारण्यास मनाई आली. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्पिढ्या त्या पाणथळीत चरत होत्या. गावकऱ्यांनी विरोध केला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसांचे प्राण गेले. हुकूम मात्र कायम राहिला. हेतूविषयी शंका घ्यावयास जागा नाही: म्हशी हटल्या की पाखरांस निवांतपणा लाभेल, असे सर्वांसच वाटत होते. खुद्द सालिम अलींचेही मत तेच होते. पण त्यांच्याच संस्थेने त्या दशकात दीर्घ अभ्यास केला, तेव्हा निराळेच निघाले. म्हशी खात होत्या ते पाणगवत आता बेसुमार माजले होते. उघडे पाणी आक्रसले होते. कित्येक पाणपक्ष्यांची संख्या घटली होती. म्हैस तेथे उपरी नव्हती, तळ्याच्या घडणीतच ती होती. ज्या कागदावर ही मनाई उतरली तो आमच्यासारख्याच कोणीतरी टंकलिखित केला असेल. त्याच्याकडून शुद्धलेखनाची चूकही झाली नसेल.

सायबेरियन करकोच्यांची कथा याच काळातली. पांढरे शुभ्र, तांबड्या चेहऱ्याचे हे पक्षी उथळ पाण्यातील कंद उकरून खात. १९६४-६५ च्या हिवाळ्यात ते सुमारे दोनशे होते. १९९३-९४ साली एकही आला नाही. पुढे तुरळक दोन-चार आले. आणि २००२ नंतर कोणी पाहिला नाही. दोष एकट्या भरतपूरचा नव्हे. अफगाणिस्तान-पाकिस्तानातून येणाऱ्या त्या दीर्घ वाटेवर शिकाऱ्यांनी त्यांना टिपले. तथापि वाट संपवून आलेल्यास घरी गवताने अडवावे, हे काही ठीक झाले नाही.

गिधाडे त्याहूनही झपाट्याने गेली. १९८७-८८ साली येथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या वर घरटी होती. दहा-बारा वर्षांत झाडे रिकामी झाली. हा ऱ्हास प्रथम ध्यानात आला तो डॉ. विभू प्रकाश यांस, आणि याच रानात. कारण २००४ साली उलगडले: गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक, मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांस नडत होते. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. शिकारीच्या दगडावर गिधाडाची नोंद कोणी केली नसती. आणि बंदूक न उचलता ते संपले.

त्यानंतर पाणीच तुटले. गंभीर नदीवर करौलीकडे पांचना धरण झाले आणि तिकडच्या शेतकऱ्यांनी आपल्या पाण्यावर हक्क सांगितला. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कोरड्या तळ्यांत विलायती बाभूळ घुसली. ती मुळासकट उपटून नेण्याची मुभा पुढे त्याच गावकऱ्यांस देण्यात आली, ज्यांना एके काळी म्हशींसकट बाहेर काढले होते. आता गोवर्धनकडील नाल्याचे आणि चंबळचे पाणी नळांतून आणतात.

अलीकडे पाऊसकाळ संपताना आम्ही पुन्हा गेलो. बाभळींच्या शेंड्यांवर चित्रबलाकांची घरटी दाटली होती आणि पिल्लांचा गलका रस्त्यापर्यंत येत होता. आमचे रिक्षावाले सरदारजी वयोवृद्ध; त्यांना पाखरांची इंग्रजी नावे आमच्याहून अधिक येतात. एका उथळ पाण्यापाशी त्यांनी आपण होऊन रिक्षा थांबवली. "यहीं बैठते थे," इतकेच म्हणाले. कोण, ते आम्ही विचारले नाही. पाण्यात दोन सारस उभे होते.